किल्ली कोणाकडे असते

कंपनी जोखायची माझ्या वडिलांची एक ठरलेली रीत होती. आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत कोणाला नोकरी लागली की बाकीचे विचारायचे, परमनंट का, कॅन्टीन आहे का, दिवाळीला काय देतात. वडील हे सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "किल्ली कोणाकडे असते?" समोरच्याला काही उमगायचं नाही. तो म्हणायचा, काका, किल्ली वॉचमनकडे असते, मला काय करायचीय ती? वडील नुसती मान हलवायचे आणि बिडी ओढायला बाहेर जायचे.

ते रेल्वेत फिटर होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मुंबईत एका कापसाच्या गोदामावर राखणीला होते. जन्मभर त्या गोदामाच्या दारात झोपले, पण कुलपाची किल्ली त्यांच्या हातात कधी कोणी दिली नाही. सकाळी मालकाचा माणूस यायचा, आजोबा अंथरूण गुंडाळून बाजूला सरकायचे, मग तो दार उघडायचा. वडिलांनी हे लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या नोकऱ्या होत्या, किल्लीच्या आणि बिनकिल्लीच्या. आम्ही बौद्ध. घरात पंचशील म्हटलं जायचं आणि वडिलांचा हा प्रश्न आम्हा भावंडांना सहाव्या शीलासारखा पाठ होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पुरा केला आणि महिन्याभरात मला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. चाळीत हा चर्चेचा विषय झाला, कारण पोरांना एक मिळायची मारामार होती. मी तिन्ही ठिकाणी जाऊन आले.

पहिली ठाण्यातली मोठी कंपनी. गेटपासून ऑफिसापर्यंत चालतानाच मी दमले. आत बायका ओळीने बसलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला सोल्डरचा एकच टाका होता. तो मारायचा आणि पट्टी पुढे सरकवायची. मी सुपरवायझरना विचारलं, हे पुढे कशात बसतं? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "पुढच्या टेबलावर जातं." ट्रेनी म्हणून घेणार, मग कायम करणार, आणि एकदा कायम झालं की निवृत्तीपर्यंत बघायला नको.

दुसरी डोंबिवलीत, एमआयडीसीच्या फेज टूमध्ये. चाळीसेक माणसं, धड लहान नाही, धड मोठी नाही. दोन मॅनेजरांनी मला दोन वेगवेगळी कामं सांगितली आणि मालकाचा पुतण्या मध्येच डोकावून तिसरं सांगून गेला. एक ना धड भाराभर चिंध्या. तिथे मी चहासुद्धा घेतला नाही.

तिसरी कंपनी म्हणजे डोंबिवलीला लागून असलेल्या कोपरला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर पाटीही नव्हती. चांगली नोकरी सोडलेला एक इंजिनीअर तिथे स्टॅबिलायझर बनवत होता. त्या काळी डोंबिवलीत संध्याकाळ झाली की व्होल्टेज असं बसायचं की ट्यूब नुसती फडफडायची आणि पंख्याची पाती मोजता यायची. लोकांनी हप्त्याने घेतलेले फ्रीज आणि टीव्ही जळायचे. त्यामुळे स्टॅबिलायझर हा घरातला एक सदस्यच झाला होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत होती.

साहेबांनी (पुढे मी त्यांना साहेब म्हणायला लागले, तेव्हा नुसतं अहो म्हणत होते) माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि एक उघडा स्टॅबिलायझर पुढ्यात सरकवला. "हा गुरगुरतो. का?"

मी कान लावला, मग ट्रान्सफॉर्मरवर अंगठा दाबून धरला. गुरगुर कमी झाली. "पत्र्या सैल आहेत. वॉर्निश पुरतं मुरलं नाही."

कोपऱ्यात वाइंडिंगच्या मशीनवर एक काळाकभिन्न माणूस बसला होता, तो खो खो हसला. "मी बोल्लो व्हतो ना तुमाला!" हा ठाण्याजवळच्या बाळकुमचा कोळी. घरची होडी होती, खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा तो तांब्याची तार गुंडाळायला शिकला होता. तेवढ्यात साहेबांच्या आई वरच्या मजल्यावरून चहा घेऊन आल्या. त्यांना सगळे काकू म्हणायचे. मी कप बघत होते. कोणाचा कुठला, माझा वेगळा आहे का. ही माझी सवय होती, अजून आहे. चारही कप एका सेटचे होते, आणि कानतुटका होता तो साहेबांनी घेतला.

मग मी वडिलांचा प्रश्न विचारला. साहेब गोंधळले. "किल्ली? दोन आहेत. एक माझ्याकडे असते, दुसरी कुठेतरी पडलेली असते." उठून त्यांनी ती मीटरच्या डब्यातून शोधून काढली. "येणार असाल तर ही तुम्हीच ठेवा. सकाळी लवकर उठणं माझ्याच्याने होत नाही."

घरी येऊन मी किल्ली पाटावर ठेवली. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"माणसं किती?"

"मी धरून तीन. आणि चहाला काकू."

"बुडंल."

"बुडेल कदाचित."

"बरं," ते म्हणाले, "जा." शेजारपाजारच्यांनी मला वेड्यात काढलं. आलेली परमनंट नोकरी सोडून मुलगी कोणाच्या तरी खोलीत कामाला जाते, म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असणार.

मला ते दिवस आवडले, हे सरळच सांगते. सकाळी मी कुलूप उघडायचे. वाइंडिंगवाला पहिल्या बसने येऊन पायरीवर तंबाखू मळत बसलेला असायचा. आत जाऊन आदल्या दिवशी जोडलेले स्टॅबिलायझर मी लोडवर लावायचे, एकेकाचा रिले टक् करून लागला की खोली जागी व्हायची. साहेब उगवेपर्यंत कोणता पास, कोणता नापास, हे मी ठरवून टाकलेलं असायचं. खरेदीला मीच जायचे, गिऱ्हाइकाच्या घरी दुरुस्तीला मीच जायचे. टाका मी मारायचे आणि तो पुढे कशात बसतो हेही मलाच ठाऊक असायचं. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे सगळं घरच्यासारखं आहे."

हे मी घरी कौतुकाने सांगितलं तर वडील म्हणाले, "घरच्यासारखं म्हणतात ना, तवा आधी घर कोणाचं ते बघायचं." मला ते कुजकट वाटलं. म्हातारपण, असं म्हणून मी सोडून दिलं.

पहिल्या वर्षी खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यांत मशीनची आणि हत्यारांची पूजा होते. पाटावर हत्यारं मांडतात, झेंडूची फुलं वाहतात, मग त्या हत्यारांना कोणी हात लावत नाही. दसऱ्याला सकाळी मालक एकेक उचलून ज्याचं त्याच्या हातात देतो आणि नव्या वर्षाचं काम सुरू होतं. दसरा हा आमचाही मोठा दिवस, धम्मदीक्षेचा. पण तो वेगळ्या कारणासाठी, आणि त्यात मशीनला हळदकुंकू बसत नाही.

साहेबांनी झेंडू आणला, पिशवी हातातच ठेवून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्हाला कसं चालेल ते सांगा."

मी म्हटलं, "फूल वाहीन. हात जोडणार नाही."

"मशीनला कुठे कळतंय," असं म्हणून ते हसले. दोन मिनिटांत पूजा उरकली. पाटावर माझी किल्ली आणि टेस्टिंगचा मीटर होता, मी एक फूल मीटरवर ठेवलं. काकूंनी सगळ्यांना पेढे दिले आणि दसऱ्याला दुपारी, विहारातून परत येताना, पांढऱ्या साडीतच मी कोपरला उतरून माझी किल्ली आणि मीटर घेऊन आले. साहेबांनी दोन्ही माझ्या हातात दिली आणि वाइंडिंगवाल्याला त्याची कात्री दिली. मला त्या दिवशी वाटलं की कंपनी निवडावी तर अशी, पाळण्यातली.

पण पाळण्यातलं पोर पाळण्यात राहत नाही. फ्रीजच्या दुकानदारांनी आमचा माल उचलायला सुरुवात केली, दोन खोल्या पुरेनाशा झाल्या आणि साहेबांनी बाळकुमला एक शेड घेतली. माणसं वाढली. पंचवीस झाली, तीस झाली. हिशेब सांभाळायला साहेबांचे मेहुणे आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. मेहुणे वाईट नव्हते. रोज इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचे. त्यांना स्टॅबिलायझरमधलं काही कळत नव्हतं, पण शिस्त कळत होती, आणि तीस माणसांना शिस्त लागते हे मलाही मान्य होतं. टेस्टिंगचा विभाग माझ्याकडे होता. शेडची किल्लीही. आठ वाजता शटर वर करायचा मान माझाच.

शेडमधली पहिली खंडेनवमी जवळ आली. या खेपेला भटजी येणार होते, दुकानदारांना आमंत्रणं गेली होती. आदल्या संध्याकाळी मेहुणे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "किल्ली द्या, पूजेत ठेवायची आहे. साहेब म्हणाले तुम्हाला उद्या सुट्टी. तुमचं ते नसतं ना. आणि परवाही तुमचा कार्यक्रम असतो, आरामात या." बोलण्यात कुचकेपणा नव्हता. खरंच आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असा चेहरा होता. मी किल्ली काढून दिली. घरी जाताना मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण काय चुकलं ते सांगता येईना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठला मी शेडवर पोचले. वाइंडिंगवाला पायरीवर होताच. त्याने मला आदल्या दिवसाची सगळी हकिकत सांगितली. सकाळी साहेबांनी एकेक हत्यार उचललं, एकेकाला पुकारून हातात दिलं, दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. किल्लीपाशी आले तेव्हा क्षणभर थांबले. मेहुणे म्हणाले, मी घेतो. साहेबांनी देऊन टाकली. बस्स, एवढंच.

मेहुणे साडेनवाला आले. तोवर मी त्या पायरीवर बसून होते आणि मला भयंकर राग आला होता. किल्लीचा नव्हे. अंथरूण गुंडाळून बाजूला सरकणारे आजोबा मी कधी पाहिले नव्हते, ते त्या सकाळी मला स्पष्ट दिसले.

मी सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेले. ते खरोखर गडबडले. "अहो, तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून सुट्टी दिली. एवढे लोक, भटजी, उगाच तुमची पंचाईत."

"विचारायचं होतंत. कोपरला विचारलं होतंत."

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही घरच्यासारख्या." मग त्यांना सुचलं, "डुप्लिकेट करून घेऊ की. आजच करून घेऊ."

तिघं असताना माणूस विचारतो, तीस झाले की तो दुसऱ्याचं परस्पर ठरवून टाकतो, तेही भलं करायच्या हेतूने. साहेब बदलले नव्हते, कंपनीचं वय बदललं होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी फक्त महिन्याची नोटीस दिली. काकूंना कळलं तेव्हा त्या वाईट वाटून म्हणाल्या, "अगं, किल्लीसाठी कोणी नोकरी सोडतं का?" वाइंडिंगवाला शेवटच्या दिवशी मशीन थांबवून म्हणाला, "चावी गेली तं येवढं काय गो बाय? मना तं कवा भेटलीच नाय." मी हसले आणि निघाले.

ठाण्याच्या मोठ्या कंपनीने मला घेतलं. या वेळी टाक्याला नाही, तपासणीला. पंच कार्ड, युनिफॉर्म, स्टीलच्या ताटांचं कॅन्टीन. हजार माणसांची ताटं एकाच हौदात धुतली जायची, कप बघायची गरजच नव्हती. खंडेनवमीला मॅनेजमेंटची पूजा वेगळी आणि युनियनची वेगळी. मी कुठल्याही पूजेला गेले नाही आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पेढ्याचा बॉक्स मात्र कार्ड नंबरावर बिनचूक मिळाला. लोक नंबराला नावं ठेवतात. मला माझा नंबर आवडायचा, त्याला ना घर होतं ना मेहुणा. वडिलांना विचारलं, आता किल्ली नाही, कसं वाटतं? ते म्हणाले, "हितं कोणालाच नाय. ते बी चालतं." त्याच पगारावर भावाचं शिक्षण झालं, चाळीतून आम्ही ठाकुर्लीतच ब्लॉकमध्ये राहायला गेलो, आई तिथेच गेली. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि इथे नकोत.

काम मात्र कंटाळवाणं होतं. शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचं. पुढे कशात बसतं ते विचारायचं मीही सोडून दिलं होतं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्या निवृत्तीपर्यंतच्या कंपनीने नोटीस बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद लावला. स्वेच्छा कोणाची, हे बोर्डावर लिहिलेलं नव्हतं. मी सही केली. आता पुन्हा निवड आली. कॉम्प्युटर जोडून विकणारी ठाण्यातली एक कंपनी मला घ्यायला तयार होती. साठेक माणसं, काचेची केबिन, सगळे एकमेकांना नावाने हाक मारणारे. विचार करून सांगते, असं मी त्यांना कळवलं होतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला संध्याकाळी दारावर थाप पडली. साहेब होते. केस पांढरे झालेले, हातात झेंडूची पिशवी. मी पाणी दिलं. वडील आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते, कान अधू झाल्यामुळे आवाज मोठा असायचा. साहेबांनी थोडक्यात सांगितलं. शेड मेहुण्यांकडे राहिली, धंद्याचं नावही त्यांच्याकडेच राहिलं. काकू गेल्या. ते आता पुन्हा कोपरच्या त्या दोन खोल्यांत होते, वाइंडिंगवाला सोबत होता, आणि इन्व्हर्टर बनवायचा विचार होता.

"आज पूजा केली नाही अजून," पिशवीकडे बघत ते म्हणाले. "म्हटलं, आधी विचारून यावं. तुम्हाला कसं चालेल ते सांगा."

इतक्या वर्षांनी तेच वाक्य. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि त्याचा मला रागही आला. मी म्हटलं, "मी येणार हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. तेही विचारतोच आहे. पगार सुरुवातीला जेमतेम. पण काम सगळं तुमच्या हातात, टेस्टिंग, खरेदी, सगळं. तुम्ही तर आपल्या घरच्या..." ते मध्येच थांबले. रेडिओवर बातम्या चालू होत्या. साहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्या अटी सांगा," ते म्हणाले.

मी काचेची केबिन आठवून पाहिली. साठ माणसं, परस्पर ठरवण्याचं नेमकं वय. हजाराचं वय माझं भोगून झालं होतं. राहिलं होतं ते बुडणारं वय.

"उद्या आमचा दिवस आहे," मी म्हटलं. "परवा आठला येते. येताना कुलूप घेऊन येते."

"कुलूप आहे की. आपलं जुनंच, कोपरचं."

"ते तुमचं आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू मान डोलावली. त्यांना कळलं. उठले, पिशवीतली दोन फुलं टीपॉयवर ठेवली, चपला घालू लागले.

आतला रेडिओ बंद झाला. वडिलांना ऐकू येत नाही असं मी धरून चालले होते. ते भिंतीला धरत दारापर्यंत आले आणि मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो त्यांनी विचारला नाही.

"तीन किल्ल्यांचं घे," ते म्हणाले. "तो बाळकुमवाला किती वर्षं पायरीवर बसंल?"